मीठ, साखर आणि पेशीचा दरवाजा

आमच्या हैदराबादच्या जुन्या तटाला एके काळी डझनाहून अधिक दरवाजे होते. आज पुराणा पूल आणि दबीरपुरा एवढे दोनच उभे आहेत. तट शत्रूला अडवी. परंतु शहर जगे ते दरवाजांमुळे. आपल्या देहातील पेशीचेही तसेच आहे, याची आठवण मागील उन्हाळ्यात एका प्रसंगाने आम्हांस करून दिली.

आमच्या शाळेतील तिसरीचा एक विद्यार्थी दोन दिवस आला नाही, म्हणून आम्ही त्याच्या घरी गेलो. मुलास जुलाब लागले होते. डोळे खोल गेले होते, जीभ कोरडी पडली होती. आजी म्हणाल्या, "गुरुजी, पाणी पाजलं की तेवढंच बाहेर पडतं. म्हणून पाणीच बंद केलं." आजींचे निरीक्षण अगदीच खोटे नव्हते, निष्कर्ष मात्र जीवघेणा होता.

पेशीभोवती स्निग्ध पदार्थांचे दुपदरी पटल असते. त्याची जाडी मिलिमीटरच्या लाखाव्या भागाहूनही कमी! प्राणवायू त्यातून सहज जातो. मीठ आणि साखर मात्र अडतात. त्यांच्यासाठी पटलात प्रथिनांचे दरवाजे असतात, आणि प्रत्येक दरवाजाचा नियम निराळा. अशा पटलांचा अभ्यास आमच्याच हबसीगुड्यातील, १९७७ साली स्थापन झालेल्या सीसीएमबी या संस्थेतही होत आला आहे.

आतड्याच्या अस्तरातील एका दरवाजाचा नियम मोठा गमतीचा आहे. मिठातील सोडियम आणि साखरेपासून झालेले ग्लुकोज ही दोन्ही जोडीने आली, तरच तो दोघांना आत घेतो. आणि त्यांच्यामागोमाग पाणीही आत शिरते. पेशीच्या दुसऱ्या बाजूस एक प्रथिन सोडियम सतत रक्ताकडे उपसून टाकते, म्हणून ही आवक चालू राहते. पटकीचे विष निराळेच दरवाजे उघडून क्षार व पाणी बाहेर लोटते. परंतु हा जोडीचा दरवाजा ते बंद करू शकत नाही. नुसते पाणी पुरेसे शोषले जात नाही, मीठ-साखरेचे पाणी मात्र शोषले जाते, ते यामुळे.

या जोडीची कल्पना रॉबर्ट क्रेन यांनी १९६० साली प्राग येथे मांडली. पुढे १९७१ मध्ये बंगालमधील बनगाव येथे निर्वासितांत पटकी पसरली आणि शिरेतून देण्याचे सलाईन संपत आले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ व ग्लुकोज यांचे पाणी पाजण्यास आरंभ केला. शेकडा तीसच्या आसपास असलेले मृत्यूचे प्रमाण चारच्याही खाली उतरले.

आम्ही औषधाच्या दुकानातून क्षारसंजीवनीचे पाकीट आणविले, एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात कालविले, आणि आजींनी चमच्या-चमच्याने ते पाजीत मुलास दवाखान्यात नेले. पाकीट नसेल तर तेवढ्याच पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालावे. माप चुकवू नये. साखर जास्त झाली तर ती उलट आतड्यात पाणी ओढते.

मुलगा आठवड्याने शाळेत आला. आजींच्या देवघराच्या फळीवर आता उदबत्तीच्या पुड्याशेजारी ती दोन पाकिटे कायम असतात.