खोलीचे भाडे परवडते, आडनाव परवडत नाही

वसई रोड–दिवा मार्गावरचे कामण रोड स्थानक लहान आहे, पण कामण आता लहान गाव राहिलेले नाही. एकीकडे कामणदुर्गाचे डोंगर आणि आदिवासी पाडे, दुसरीकडे चिंचोटी–भिवंडी रस्त्यालगतचे गाळे आणि कारखाने. इथल्या आगरी, वारली, कातकरी माणसांबरोबर मराठवाडा-विदर्भातून आणि उत्तर प्रदेश-बिहारमधून पोटासाठी आलेली माणसे राबतात. कामाच्या ठिकाणी कोणी कोणाची जात विचारत बसत नाही. ती विचारली जाते संध्याकाळी, खोली बघायला गेल्यावर.

वसईपासून भिवंडीपर्यंतच्या पट्ट्यात भाड्याने घर शोधलेल्या आपल्या बहुतेक कुटुंबांना हा अनुभव ओळखीचा वाटेल. डिपॉझिटच्या आधी पूर्ण नाव विचारले जाते. आडनावावरून अंदाज आला नाही तर गाव कुठले, घरात फोटो कोणाचे लावता, मटण-मच्छी खाता का, अशी चौकशी होते. मग खोली 'कालच दिलेली' असते. जात हा शब्द कोणी उच्चारत नाही, म्हणून पुरावा राहत नाही.

1917 साली परदेशात शिकून बडोदा संस्थानच्या नोकरीवर रुजू झालेल्या बाबासाहेबांनाही राहायला जागा मिळाली नव्हती. पारशी धर्मशाळेतून त्यांना हुसकावण्यात आले आणि ओळखीच्यांनी अडचणी सांगून हात झटकले. तेव्हा काठ्या घेऊन लोक दारात आले होते. आता फोन उचलला जात नाही. पद्धत सौम्य झाली, पण माणूस रस्त्यावरच राहिला.

कायदा काय सांगतो? संविधानाच्या कलम 17 ने अस्पृश्यता नष्ट केली. नागरी हक्क संरक्षण अधिनियम, 1955 च्या कलम 4 नुसार अस्पृश्यतेच्या कारणावरून एखाद्या वस्तीत घर घेण्यास किंवा राहण्यास अडवणे हा गुन्हा आहे. पण कलम 15 मधील दुकाने, उपाहारगृहे, विहिरी यांच्या यादीत खासगी घराचा उल्लेख नाही. 2005 मध्ये गुजरातमधील पारशी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सभासदत्व एका समाजापुरते ठेवणारा उपविधी वैध ठरवला. म्हणजे बौद्ध किंवा दलित कुटुंबाला निदान एक कायदा हाताशी आहे, पण तो सिद्ध करणे कठीण. मुस्लिम कुटुंबाला तर तेवढाही आधार नाही. काही वर्षांपूर्वी वसईतल्याच एका सोसायटीने मुस्लिम कुटुंबाला फ्लॅट विकण्यास हरकत घेतली, तेव्हा प्रकरण पोलिसांपर्यंत गेले होते.

इथे एक प्रश्न आपल्या समाजालाही विचारावा लागेल. आज आपल्यातही घरमालक आहेत. दारात कातकरी, मातंग, मुस्लिम किंवा उत्तर भारतीय मजूर उभा राहिला, तर आपण त्याला काय विचारतो? आपल्याला टोचणारा प्रश्न आपण दुसऱ्याला विचारणार असू, तर बावीस प्रतिज्ञांमधली 'सर्व माणसे समान' ही प्रतिज्ञा फक्त दीक्षेच्या दिवसापुरती उरते. वेगळेपण स्वीकारणे म्हणजे समोरच्यासारखे होणे नव्हे. त्याचे जेवण, त्याची भाषा, त्याची प्रार्थना वेगळी राहूनही तो शेजारी असू शकतो, एवढेच मान्य करायचे आहे.

कामणपासून जवळच सोपारा आहे. तिथे 1882 मध्ये अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. 1956 मध्ये भुईगावात नवव्या लेखाचा तुकडा मिळाला. खरे मंगल कर्मकांडात नसून दास आणि नोकरांशी नीट वागण्यात आहे, असा त्या नवव्या लेखाचा आशय आहे. 1956 हे आपल्या धम्मदीक्षेचेही वर्ष. या मातीतून निघालेला हा संदेश गोदामात राबणाऱ्या आजच्या मजुराला लागू होत नाही, असे कोण म्हणेल?

आम्हाला तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. प्रत्येक विहाराने परिसरातील उपलब्ध खोल्यांची यादी ठेवावी आणि ती कोणत्याही गरजू कुटुंबासाठी खुली असावी. खोली नाकारली गेल्यास मेसेज, तारीख, साक्षीदार जपावेत, कारण सांगोवांगीवर गुन्हा उभा राहत नाही. आणि भाड्याच्या घरात जात-धर्मावरून होणाऱ्या भेदभावाविरुद्ध राज्याने स्पष्ट कायदा करावा, ही मागणी आपण मुस्लिम, आदिवासी आणि इतर वंचितांना सोबत घेऊन करावी. फक्त आपल्यापुरती मागितलेली समता फार काळ टिकत नाही.

अन्याय निमूटपणे सहन करणे ही मैत्री नव्हे. आपल्यावरचा अन्याय दुसऱ्यावर होऊ न देणे, ही खरी मैत्री आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!