फेरफारांची रुजवात

ज्याने आयुष्यात एकदा तरी तलाठ्याच्या कचेरीचा उंबरा झिजवला आहे, त्याला खरेदीखत होणे आणि सातबाऱ्यावर नाव लागणे या दोन अगदी भिन्न घटना आहेत, हे कोणी समजावून सांगावे लागत नाही. खत नोंदले जाते, त्याचा फेरफार गाव नमुना ६ मध्ये लिहिला जातो, हितसंबंधितांना नोटिसा निघतात, हरकत न आल्यास मंडल अधिकारी तो प्रमाणित करतात, आणि तेव्हा कुठे सातबाऱ्यावरच्या जुन्या नावाला कंस पडून नवे नाव चढते. मधल्या काळात नवा मालक विहिरीसाठी कर्ज मागावयास बँकेत गेला, तर त्याच्या हातातील उताऱ्यावर अद्याप जुन्याच मालकाचे नाव असते, आणि खत खरे असूनही त्याला हात हलवीत परतावे लागते.

संगणकाच्या व्यवसायात या फेरफाराचे एक सख्खे भावंड आहे. त्याला आमच्याकडे मायग्रेशन म्हणतात. कोणत्याही मोठ्या संकेतस्थळाच्या पोटात एकीकडे प्रोग्रामरने लिहिलेला कोड असतो आणि दुसरीकडे माहितीचे तक्ते सांभाळणारा डेटाबेस असतो. सभासदांच्या तक्त्यात उद्या एक नवा रकाना हवा असे ठरले, म्हणजे प्रोग्रामर तो कोडमध्ये लिहितो. परंतु तेवढ्याने प्रत्यक्ष तक्त्यात रकाना उगवत नाही. त्यासाठी ‘अमुक तक्त्यात अमुक रकाना वाढवावा’ अशी एक छोटी फाईल तयार होते, आणि तिची बजावणी प्रोग्रामरच्या स्वतःच्या यंत्रावर, चाचणीच्या यंत्रावर आणि सरतेशेवटी लोक वापरतात त्या खऱ्या सर्व्हरवर, अशी प्रत्येक ठिकाणी स्वतंत्रपणे करावी लागते. कोणत्या फाईलची बजावणी कोणत्या दिवशी झाली याची नोंद त्या त्या डेटाबेसमध्येच एका वेगळ्या तक्त्यात राहते. तोच आमचा नमुना ६.

जँगो नावाच्या ज्या चौकटीचे उदाहरण मी येथे घेणार आहे, ती वृत्तपत्राच्या कचेरीतच जन्मली, म्हणून तिच्याविषयी वृत्तपत्रातून लिहिणे अगदीच अस्थानी ठरू नये. अमेरिकेतील कॅन्सस राज्यात लॉरेन्स या गावी ‘लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड’ नावाच्या दैनिकासाठी काम करीत असता एड्रियन होलोवॅटी आणि सायमन विलिसन या दोघांनी २००३ मध्ये तिची उभारणी सुरू केली, आणि २००५ च्या जुलैमध्ये ती सर्वांसाठी खुली झाली. आरंभीच्या जँगोला नवा तक्ता निर्माण करता येई, पण असलेल्या तक्त्यात बदल करणे तिला ठाऊक नव्हते. ती उणीव अँड्र्यू गॉडविन यांनी २००८ मध्ये ‘साउथ’ नावाचे जोडसाधन लिहून भरून काढली. पुढे २०१३ मध्ये त्यांनी लोकवर्गणीची हाक दिली, आणि २०१४ च्या सप्टेंबरात निघालेल्या १.७ या आवृत्तीपासून फेरफारांची सोय जँगोच्या घरचीच झाली.

आता माझी तक्रार सांगतो. नवशिक्या माणूस जँगोचा नवा प्रकल्प उघडतो, स्वतःची एक ओळदेखील लिहीत नाही, आणि सरावाचा सर्व्हर सुरू करताच पडद्यावर तांबड्या अक्षरांत त्याला बजावले जाते की तुमचे १८ फेरफार अद्याप लागू झालेले नाहीत, ते होईपर्यंत प्रकल्प नीट चालेलच असे नाही. हे १८ फेरफार जँगोच्या स्वतःच्या तक्त्यांचे असतात. इशारा योग्य आहे, शब्दही सभ्य आहेत. परंतु तो जेथे दिला जातो ते ठिकाण चुकले आहे. हा सर्व्हर प्रोग्रामरच्या मेजावरचा, जेथे चूक झाली तरी चहाचा घोट घेत सुधारता येते असा. खरे संकेतस्थळ ज्या सर्व्हरवर चालते, तेथे हजार माणसे रांगेत असताना यातले चकार अक्षर उमटत नाही. रूबी भाषेतील रेल्स या प्रसिद्ध चौकटीतही शिल्लक फेरफार दिसताच पान अडवण्याची तजवीज मुळात प्रोग्रामरच्या यंत्रापुरतीच केलेली असते. पहारेकरी घरात जागा आहे आणि दुकानाला मात्र कुलूप नाही, असा हा बंदोबस्त.

चाचण्या असतात ना, असे कोणी विचारील. असतात, पण येथे त्या निरुपयोगी ठरतात, आणि का ते पाहण्यासारखे आहे. जँगोच्या चाचण्या चालतात त्या दर खेपेस नव्याने बांधलेल्या कोऱ्या डेटाबेसवर, आणि तो बांधताना यच्चयावत फेरफार पहिल्यापासून शेवटपर्यंत लावले जातात. म्हणजे जो रकाना खऱ्या सर्व्हरवर नाही, तो परीक्षेच्या दालनात हमखास हजर असतो. सर्व चाचण्या उत्तीर्ण झाल्याचे हिरवे निशाण पाहून निश्चिंत झालेला माणूस या प्रश्नापुरता अंधारातच असतो.

मी स्वतः असाच एकदा निश्चिंत झालो होतो. एका वाचनालयाचे संकेतस्थळ आम्ही दोघेतिघे सांभाळत असू. पुस्तक घरपोच हवे की नको, एवढे नोंदण्यासाठी सभासदांच्या तक्त्यात एक रकाना वाढवला, चाचण्या घेतल्या, आणि शुक्रवारी रात्री कोड चढवून झोपलो. शनिवारी सकाळी ग्रंथपालांचा फोन. “अहो, सभासदांची यादीच उघडत नाहीये. समोर माणसं उभी आहेत.” मला नवल वाटले ते याचे, की यादीच्या त्या पानावर केवळ नाव आणि सभासद क्रमांक होता, घरपोचाचा तेथे काही संबंध नव्हता. पण जँगो डेटाबेसकडे माहिती मागते ती, तिला वेगळे काही सांगितले नसेल तर, तक्त्यातल्या एकूण एक रकान्याचे नाव घेऊन. आणि त्यातला एक जरी तेथे नसला, तरी डेटाबेस सबंध मागणीच फेटाळतो. एका अनुपस्थित रकान्यापायी सभासदांशी संबंध असलेले प्रत्येक पान कोसळले होते. आम्ही पाऊण तास सर्व्हरची मेमरी, इंटरनेटची जोडणी, पासवर्ड असे नाही नाही ते तपासत बसलो. शेवटी आमच्यातल्या सर्वांत लहान मुलाने दबकत विचारले, “दादा, मायग्रेट रन केलं होतं ना?” फेरफारांची यादी काढली. जँगो ती अशी दाखवते की लागू झालेल्या प्रत्येक फेरफारापुढे चौकोनी कंसात फुली, आणि न झालेल्यापुढे कंस रिकामा. वरपासून खालपर्यंत फुल्याच फुल्या, आणि अगदी तळाशी एक रिकामा कंस. बजावणीला दोन सेकंददेखील लागले नाहीत.

त्या काळात ही रुजवात यंत्राकडून करून घ्यावयाची, तर ती यादी काढून तीत रिकामा कंस शोधणारी खटपट आपली आपण करावी लागे. २०२० च्या ऑगस्टमध्ये आलेल्या ३.१ आवृत्तीत ‘मायग्रेट’ या आज्ञेला ‘चेक’ असा एक पर्याय मिळाला. तो काही बदलत नाही. फेरफार शिल्लक असल्यास शून्याखेरीज दुसरा आकडा परत करून थांबतो. (शून्य म्हणजे सर्व कुशल, हा या क्षेत्रातला जुना रिवाज, शाळेत शून्याची धास्ती घेतलेल्या माझ्यासारख्याला तो अंगवळणी पडायला वेळ लागला.) कोड चढवणाऱ्या यंत्रणेने तो आकडा पाहावा आणि शून्य नसेल तर पुढची पायरी तहकूब करावी. ‘मेकमायग्रेशन्स’ या आज्ञेलाही याच नावाचा पर्याय आहे, पण तो निराळ्याच उणिवेसाठी: कोडमध्ये बदल झाला आणि फेरफाराचा कागदच कोणी लिहिला नाही, ते तो पकडतो. दोन्हींची गल्लत करणारे पुष्कळ आहेत, आणि एक चालवून दुसरे झाले असे समजणारे त्याहून अधिक.

मग फेरफार आपोआप का लावू नयेत, संकेतस्थळ सुरू होतानाच राहिलेले सर्व उरकून टाकावे, असा सल्ला हटकून येतो. मला तो मान्य नाही. मोठ्या संकेतस्थळाच्या पाचदहा नकला एकाच वेळी उठत असतात, आणि त्या सर्वांनी एकदम तोच तक्ता बदलावयास घेतला तर आपसात कुलूप लावण्याची सोय जँगोने केलेली नाही. शिवाय लाखो ओळींच्या तक्त्यावरचा काही जातीचा बदल मिनिटेच्या मिनिटे तक्ता अडवून धरतो. तो भर दुपारी करावा की पहाटे, हा निर्णय माणसाचा आहे. रकाना काढून टाकावयाचा असेल तर क्रमही उलटा, आधी नवा कोड आणि मागाहून फेरफार, नाहीतर जुना कोड गेलेल्या रकान्याचे नाव घेत बसतो. तेव्हा तपासणी यंत्राने करावी, अडवावेही यंत्राने, आणि हुकूम मात्र जबाबदार माणसाने द्यावा, अशी माझी वाटणी आहे.

या तपासणीलाही मर्यादा आहे. ती नोंदवही वाचते, जमीन पाहावयास जात नाही. प्रत्यक्ष बदल न करता नुसती ‘झाले’ अशी नोंद करण्याची एक वाट जँगोने ठेवली आहे. तिचे नावच ‘फेक’, आणि जुना डेटाबेस नव्या व्यवस्थेत आणताना ती न्याय्य कारणासाठी लागते. पण अडचणीच्या रात्री तीच वाट घाईचा माणूस धरतो, मग कंसात फुली पडते आणि तक्ता होता तसाच राहतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५७ ने विरुद्ध शाबीत होईपर्यंत अधिकार अभिलेखातील नोंद खरी धरावी असे म्हटले आहे. आमची ही आज्ञाही त्याच गृहीतावर चालते.

वाचनालये, पतपेढ्या, शाळा यांच्या कार्यकारी मंडळांवर असलेले वाचक संकेतस्थळाच्या करारावर सही करताना रंगसंगतीवर तासभर बोलतात, हे मी समोर बसून पाहिले आहे. त्यांनी कंत्राटदाराला एवढेच विचारावे, की नवा कोड चढण्यापूर्वी शिल्लक फेरफार तपासले जातात काय, आणि आढळल्यास काम आपोआप थांबते काय. ‘आमची मुले लक्ष ठेवतात’ असे उत्तर आले, तर सही पुढच्या बैठकीपर्यंत ठेवावी.

आमच्या वाचनालयाच्या कामात या तपासणीची एक ओळ त्या शनिवारी दुपारी घातली गेली नाही; तेव्हाच्या आवृत्तीत सोयच नव्हती, आणि आमची खटपट आळसात राहिली. ती आली यथावकाश. परवा रात्री साडेनऊला तिने काम अडवले, आणि एकेकाळी दबकत विचारणारा तोच मुलगा, जो आता मुलगा राहिलेला नाही, वैतागून म्हणाला, “घरी जायची वेळ झाली की हे अडतं.” यादीत रिकामे कंस दोन होते. ते भरून कोड चढेपर्यंत दहा वाजले. सकाळी ग्रंथपालांचा फोन आला तो दिवाळी अंकांची यादी कधी चढवणार, हे विचारायला.