काठावरचे बघे

दादासाहेब फाळक्यांच्या ‘कालिया मर्दन’मध्ये (१९१९) बाळकृष्ण यमुनेच्या डोहात उडी घेतो आणि कॅमेराही त्याच्या मागोमाग पाण्यात उतरतो. नागाशी झटापट सुरू होते. त्या काळच्या प्रेक्षकाला तेवढ्याने पैसे वसूल झाल्यासारखे वाटले असते, कारण फाळक्यांच्या चित्रपटाला लोक जात ते चमत्कार पाहायलाच. पण फाळके ऐन झटापटीत कॅमेरा वर काढतात आणि काठावर नेतात. तिथे यशोदेचा आकांत चालला आहे, गोकुळातली माणसे डोहाकडे टक लावून उभी आहेत. पुन्हा पाणी, पुन्हा काठ. शेवटी कृष्ण नागाच्या फण्यावर उभा राहून वर येतो, तेव्हा आपण त्याला पाहतो आणि त्याला पाहणाऱ्यांनाही पाहतो.

फाळके त्र्यंबकेश्वरचे, जे. जे. मध्ये चित्रकला शिकलेले, रविवर्म्याच्या छापखान्यासाठी काम केलेले. देवाचे चित्र घराघरात कसे पोचते आणि त्याच्यापुढे माणूस कसा उभा राहतो, हे त्यांनी जवळून पाहिले होते. पाण्याखालचा नाग खोटा आहे हे प्रेक्षकाला कळत नव्हते असे समजण्याचे कारण नाही. काठावरच्या माणसांची भीती मात्र खरी वाटत होती आणि ती भीतीच नागाला खरा करत होती. याच चित्रपटाच्या सुरुवातीला त्यांनी याहून धीट गोष्ट केली आहे. कृष्णाची भूमिका त्यांच्या सात वर्षांच्या मुलीने, मंदाकिनीने केली. कथा सुरू होण्याआधी तिचा चेहरा पडद्यावर येतो, ती वेगवेगळे भाव करून दाखवते आणि मग तोच चेहरा मुकुटधारी कृष्णात विरघळतो. म्हणजे आधी सांगायचे की ही आमची मुलगी आहे, आणि पाठोपाठ तिलाच देव म्हणून पाहायला लावायचे. सिनेमाची सगळी जादू उघडी करून दाखवल्यावरही ती चालते, यावर या माणसाचा केवढा विश्वास होता!

दृश्यभाषेची चर्चा आपल्याकडे बहुधा लेन्स, प्रकाशयोजना, कॅमेऱ्याच्या हालचाली अशा तांत्रिक वाटांनी जाते. त्या वाटा खोट्या नाहीत. पण शंभर वर्षांचा आपला सिनेमा आणि टीव्ही सलग पाहिला, तर एका वेगळ्या प्रश्नाचे उत्तर शोधणे मला अधिक फायद्याचे वाटते: चौकटीतल्या बघ्यांचे दिग्दर्शकाने काय केले? त्यांना कुठे उभे केले, किती अंतरावर ठेवले, आणि तिकीट काढून आलेल्या माणसाला त्यांच्या शेजारी बसवले की त्यांच्यासमोर? कॅमेरा कोणाची बाजू घेतो हे संवादापेक्षा यावरून लवकर समजते.

फाळक्यांचा कॅमेरा बहुतेक वेळा नाटकाच्या पहिल्या रांगेत बसलेल्या माणसासारखा समोर असतो. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी ती रांग सोडली. नाटकांचे पडदे रंगवण्यात हात मुरलेला हा कलावंत, स्वतःचा कॅमेरा घडवून घेणारा. ‘सावकारी पाश’ (१९२५) या मूकपटात त्यांनी सावकाराच्या तावडीत जमीन गेलेला शेतकरी दाखवला. ती भूमिका पुढे दिग्दर्शक झालेल्या तरुण व्ही. शांतारामांची. त्या मूकपटाची प्रत आज उरलेली नाही, पण ज्यांनी तो पाहिला त्यांच्या आठवणीत एक दृश्य पक्के राहिले: अंधारात बुडालेली झोपडी आणि तिच्याबाहेर रडणारे कुत्रे. चित्रपट मुका, तरी ते रडणे ऐकू आले म्हणतात. इथे काठावर कोणी नाही. शेतकऱ्याची जमीन जाते तेव्हा गाव जमत नाही, आणि हे सांगायला पेंटरांना पाटी लिहावी लागली नाही. मोकळी, काळोखी चौकट पुरली.

मग ‘प्रभात’. कोल्हापुरात १९२९ साली सुरू झालेली ही कंपनी १९३३ मध्ये पुण्याला आली आणि पुढच्याच वर्षी तिथल्या पहिल्या चित्रपटात, ‘अमृतमंथन’मध्ये, शांतारामांनी टेलिफोटो लेन्स लावून राजगुरूचा एकच डोळा पडदाभर पसरवला. हिंदी आवृत्तीतल्या चंद्रमोहनचा तो डोळा अजून सिनेमाच्या पुस्तकांत छापला जातो. त्यातली कलाटणी अशी की तोवर आपण पाहत होतो, आता पडदा आपल्याकडे पाहू लागला. बळीची प्रथा चालवणाऱ्या धर्मसत्तेची दहशत सांगायला याहून नेमका उपाय नव्हता. शांताराम नुकतेच जर्मनीला जाऊन आले होते आणि तिथल्या छायाप्रकाशाचा ठसा चित्रपटभर दिसतो. माझ्या चवीला तो काही ठिकाणी जास्तच दिसतो. पण तो डोळा नक्कलेतून आलेला नाही.

‘संत तुकाराम’ (१९३६) मात्र वेगळ्या जातीचा. दामले-फत्तेलालांचे दिग्दर्शन आणि व्ही. अवधूत यांचे छायालेखन. या चित्रपटाला १९३७ च्या व्हेनिस महोत्सवात गौरव मिळाला, हे आपण अभिमानाने सांगतो. तो कशासाठी मिळाला असावा याचा विचार कमी करतो. विष्णुपंत पागनीसांचा तुकाराम फारसा हलत नाही. तो समोर असतो, शांत असतो, आणि कॅमेरा त्याच्याशी मर्यादेने वागतो. जिजाई आली की सगळे बदलते. तिच्याबरोबर म्हैस येते, पोरे येतात, रिकामी भांडी येतात, आणि चौकटीत धावपळ सुरू होते. एकाच घरात दोन तऱ्हेचे पाहणे. देवाच्या नादात घर विसरलेल्या नवऱ्याविषयी बायकोचे म्हणणे चित्रपटाने फेटाळलेले नाही, हे तिच्या बोलण्यातून कळते तितकेच या मांडणीतून कळते.

आणि मग ते कीर्तनाचे दृश्य. शिवाजी महाराज कीर्तनाला आले आहेत, शत्रूचे सैनिक त्यांना पकडायला येतात, आणि कीर्तनाला जमलेल्या माणसांत जागोजागी शिवाजीच दिसू लागतो. एकाच फिल्मवर दुसरे चित्र चढवण्याची ही युक्ती फाळकेही वापरत. पण फाळक्यांचे बघे काठावर उभे राहून चमत्कार पाहतात. इथे बघ्यांचाच चमत्कार होतो. घोंगडे पांघरून बसलेला माणूस छत्रपती होतो. १९३६ साली, परक्या राज्यात, थिएटरच्या अंधारात बसलेल्या गिरणी कामगाराने हे कसे वाचले असेल याचा अंदाज करायला इतिहासकार लागत नाही. मुंबईच्या सेंट्रल सिनेमात हा चित्रपट वर्षाहून अधिक चालला तो केवळ अभंगांच्या चालींवर, असे मला वाटत नाही.

मधल्या काळावरून झरझर जातो, एक मुक्काम सोडून. ‘प्रभात’च्या पुण्यातल्या वास्तूत नृत्ये बसवण्यापासून सुरुवात केलेल्या गुरुदत्तने १९५९ मध्ये ‘कागज के फूल’ केला. भारतातला हा पहिला सिनेमास्कोप चित्रपट. छायालेखक व्ही. के. मूर्ती यांनी आरशांनी ऊन स्टुडिओत वळवून एक तिरपा झोत उभा केला आणि त्या झोतात दोन माणसे एकमेकांपासून दूर उभी केली. भलीमोठी रुंद चौकट, आणि ती भरायला कोणीही नाही. कहाणी एका दिग्दर्शकाची, ज्याला शेवटी पाहणारेच उरले नाहीत. चित्रपट तेव्हा साफ पडला. मूर्तींना फाळके पुरस्कार मिळाला तो २००८ सालचा. तो मिळवणारे ते पहिले छायालेखक. जो पुरस्कार एका कॅमेरा चालवणाऱ्या माणसाच्या नावाने दिला जातो, तो छायालेखकापर्यंत पोचायला जवळजवळ चाळीस वर्षे लागली, हे जाता जाता नोंदवून ठेवतो.

टीव्हीने बघ्यांना घरात आणले. २५ जानेवारी १९८७ पासून दूरदर्शनवर ‘रामायण’ सुरू झाले आणि लोकांनी संचाला हार घातले, उदबत्त्या लावल्या. त्या भक्तीवर पुष्कळ लिहिले गेले. तंत्राच्या बाजूने पाहिले तर रामानंद सागरांनी फाळक्यांचा काठ उचलून दरबारात ठेवला होता. राम काही बोलला की कॅमेरा एकेका चेहऱ्यावर जाई: आधी दशरथ, मग वसिष्ठ, मग राण्या, मग सभाजन. लहान पडद्यावर दूरचे काही नीट दिसत नसे, तेव्हा चेहरेच दाखवायचे, ही गरज होती. पाठोपाठचे चेहरे पाहून घरातल्यांनी हात जोडायचे, ही सवय झाली.

रोज रात्री साडेसातपासून मराठी घरांत जे चालते ते त्या सवयीचे नातवंड आहे. सासूने हॉलमध्ये उभे राहून एक वाक्य टाकले की घरातल्या प्रत्येक माणसाची रिअॅक्शन घ्यायची. नायिकेची तीनदा, प्रत्येक वेळी ढोलाच्या एका दणक्यासह. याला हसणे सोपे आहे, आणि पुष्कळ समीक्षक तेवढेच करतात. त्यामागचा हिशेब पाहिला पाहिजे. रोजचा एक भाग रोज पुरा व्हायला हवा. एकाच वेळी दोन-तीन कॅमेरे चालतात, म्हणून प्रकाश सगळीकडे सारखा लावावा लागतो. तो एका चेहऱ्यासाठी कोरत बसायला वेळ नसतो. त्यात पाहणारी बाई पोळ्या लाटता लाटता ऐकत असते, मान वर करेल तेव्हा पडद्यावर चेहरा असलाच पाहिजे. या अडचणी खऱ्या आहेत. पण परिणाम असा की चौकटीत नुसते बघेच उरले. सगळेच काठावर, डोहात कोणी नाही, आणि घरात बसलेल्याला काय वाटायला हवे हे सात चेहऱ्यांनी सात वेळा आधीच ठरवून दिलेले.

त्या गजबजाटानंतर चैतन्य ताम्हाणेचा ‘कोर्ट’ (२०१४) पाहणाऱ्याला आधी काही घडतच नाही असे वाटते. मृणाल देसाईंचा कॅमेरा दूर मांडलेला, बहुधा स्थिर. लोकशाहीर नारायण कांबळेवर खटला आहे. त्याच्या गाण्याने एका सफाई कामगाराला आत्महत्येला उद्युक्त केले असा आरोप. पण कॅमेरा ना शाहिराच्या चेहऱ्यावर धावतो, ना न्यायाधीशाच्या. आपल्याला संपूर्ण दालन दिसते: न्यायाधीश सांगतील ते टंकणारा लिपिक, पाळीची वाट पाहणारी इतर खटल्यांतली माणसे, बाही नसलेला पोशाख घातला म्हणून जिचे प्रकरण पुढे ढकलले जाते ती बाई. हे सारे एकाच वेळी समोर असते आणि कुठे पाहायचे ते कोणी सांगत नाही. ज्याला न्यायालय कंटाळवाणे वाटते, त्याचा कंटाळाही चित्रपटाने पुराव्यात जमा केलेला असतो. शेवटी कामकाज आटोपते, दालनातले दिवे विझतात, आणि अंधार कितीतरी वेळ तसाच राहतो. प्रेक्षक उठायला लागतात. मग चित्रपट पुढे सुरू होतो: सुट्टीवर गेलेले तेच न्यायाधीश बाकावर पेंगत आहेत, पोरे त्यांना दचकवतात, आणि त्यांतल्या एकाच्या कानाखाली बसते. इतक्या निर्विकारपणे इतका कडक शेरा मराठी पडद्यावर क्वचितच मारला गेला असेल.

नागराज मंजुळेचा मार्ग उलटा. ‘फँड्री’त (प्रदर्शन २०१४) कॅमेरा शाळकरी जब्याच्या इतका जवळ राहतो की काळी चिमणी शोधण्याचे त्याचे वेडही आपले होऊन जाते. आणि शेवटी डुक्कर पकडण्याचा तो लांबलचक प्रसंग येतो. शाळेजवळ जब्याचा बाप कचरू, त्याची बायको, मुले डुकरामागे धावत आहेत आणि गाव मजा पाहायला बसले आहे. हसणे, ओरडणे, चिडवणे. मध्येच शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येते, सारे कुटुंब जागच्या जागी उभे राहते, आणि डुक्कर निघून जाते. विक्रम अमलादींचा कॅमेरा आलटून पालटून धावणाऱ्यांकडे आणि बसलेल्यांकडे जातो. फाळक्यांनी यमुनेच्या काठी जे केले, नेमके तेच. फक्त काठावरच्यांना आता डोहातल्याची काळजी नाही. त्यांना खेळ बघायचा आहे. आणि जब्या दगड उचलून भिरकावतो तो थेट कॅमेऱ्याकडे, म्हणजे आपल्याकडे. ‘अमृतमंथन’मध्ये पडद्याने आपल्याकडे पाहिले ते धर्मसत्तेच्या डोळ्याने. इथे पाहणारा बदलला आहे, आणि आपली जागाही.

‘सैराट’मध्ये (२०१६) मंजुळेंनी तोच प्रश्न आणखी क्रूर केला. पूर्वार्धात क्रेन, संथ गती, वाद्यवृंद, सगळा लाडाकोडाचा सिनेमा. प्रेमी जोडपे पळून हैदराबादला गेल्यावर चौकट साधी होत जाते. आणि शेवटी त्या दोघांच्या खुनांचा साक्षीदार कोण, तर दारातून आत आलेले एक मूल. आवाज बंद होतो. ते मूल काही समजण्याच्या वयाचे नाही. गोकुळातल्या गर्दीपासून निघालेला प्रवास इथे येतो: बघ्या एकच उरला, त्यालाही बघता येत नाही.

आज अपघात झाला, कुणाला गावाने मारले, की काठावरची माणसे खिशातून फोन काढतात. म्हणजे कॅमेरा आता बघ्याच्याच हातात आहे, आणि चौकट उभी, अरुंद, एका चेहऱ्यापुरती. ‘कोर्ट’सारखा चित्रपटही आता बहुतेकांना त्याच फोनवर भेटतो. तिथे कोपऱ्यातला लिपिक दिसत नाही, पाळीची वाट पाहणारी माणसे दिसत नाहीत. दिसतो तो मधोमध बसलेला न्यायाधीश, म्हणजे ज्याच्याकडेच पाहू नका असे दिग्दर्शकाने सुचवले होते तो. पुण्यात ‘प्रभात’च्या जागेवर चित्रपटाची राष्ट्रीय संस्था उभी आहे आणि शहरातच चित्रपटांचा राष्ट्रीय संग्रहही आहे. ‘कालिया मर्दन’ आणि ‘कोर्ट’ एका संध्याकाळी, मोठ्या पडद्यावर, लागोपाठ दाखवणे त्यांना अवघड जाऊ नये असे वाटते. मराठीच्या पाठ्यपुस्तकात कविता कशी वाचावी याचे धडे आहेत, तसे चौकट कशी पाहावी याचेही असावेत. दहावीच्या मुलांना त्या संध्याकाळी नेले तर निबंध त्यांचे त्यांनाच सुचतील. आमच्या वृत्तपत्रांनी तोवर एवढे तरी करावे: परीक्षणात कथा, अभिनय, संगीत यांना तारे वाटून झाल्यावर कॅमेरा कुठे उभा होता याची एक ओळ छापावी, आणि ती ‘छायाचित्रण नेत्रसुखद’ एवढीच असू नये.