पहिला अग्रक्रम कागदावर

फाल्गुन सरत आला की महाराष्ट्रातील जिल्हा कचेऱ्यांतून एक ठराविक पत्रक निघू लागते. टंचाईग्रस्त गावे इतकी, वाड्या इतक्या, चालू टँकर इतके, अधिग्रहित विहिरी इतक्या. या आकड्यांची आपल्याला इतकी सवय झाली आहे की, पंचांगातील सणावाराप्रमाणे आपण ते वाचतो आणि पान उलटतो. त्या पत्रकात एक रकाना मात्र सहसा नसतो. गावातील किती संडास पाण्याअभावी बंद पडले, किती शाळांतील मुलींच्या स्वच्छतागृहांना कुलूप लागले, याची दखल टंचाईच्या हिशेबात घेतली जात नाही. तहान ही आपत्ती मानली जाते. अस्वच्छता ही मात्र लोकांची सवय मानली जाते. हा भेद चुकीचा आहे, आणि बदलत्या हवामानात तो महागात पडणार आहे.

टंचाईच्या काळात टँकरने पाणी पुरवायचे ते माणशी २० लिटरच्या हिशेबाने, हा आपल्या ग्रामीण भागातील रूढ दंडक. पाच माणसांच्या घराला १०० लिटर, म्हणजे मोठे हंडे सात-आठ. आता या हंड्यांची वाटणी कोणत्याही गृहिणीला विचारावी. पिण्याला आणि स्वयंपाकाला निम्मे जाते. उरलेल्यात भांडी, आंघोळ आणि कपडे बसवायचे. बाळंतीण किंवा आजारी माणूस घरात असेल तर त्याची सोय वेगळीच. संडासात पाणी ओतण्याची पद्धत कितीही काटकसरीची असली तरी एका माणसाला दिवसाकाठी, हात धुण्यासह, चार-पाच लिटर पाणी लागतेच. म्हणजे वाट्याच्या पाण्यातील जवळपास पाव हिस्सा. जे पाणी मैलभरावरून डोक्यावर आणले ते संडासात ओतावे, असे सांगण्याचे धाडस उपदेशकाला होईल. आणणाऱ्या बाईला होणार नाही.

म्हणूनच २०१४ पासून स्वच्छ भारत अभियानाखाली बांधलेल्या संडासांपैकी काहींत आज सरपण आणि कडबा भरून ठेवलेला दिसला तर त्याचे खापर केवळ अज्ञानावर फोडता येणार नाही. २०१८ मध्ये ग्रामीण महाराष्ट्र हागणदारीमुक्त झाल्याचे जाहीर झाले. संडासांची संख्या हा त्या घोषणेचा आधार होता. संडासापर्यंत पाणी पोहोचते काय, आणि पोहोचत असेल तर वैशाखातही पोहोचते काय, हा प्रश्न मात्र मागेच राहिला. भिंती आणि भांडे बांधणे हे एकदाचे काम आहे. पाणी पुरवणे हे रोजचे. आपल्या शासनव्यवस्थेला पहिले काम जमते, दुसरे जमत नाही.

लातूरचा धडा

२०१६ च्या उन्हाळ्यात लातूर शहराने जे पाहिले त्याची आठवण येथे अप्रस्तुत ठरू नये. मांजरा धरण कोरडे पडले होते. मार्च महिन्यात पाण्याच्या टाक्यांच्या आणि विहिरींच्या परिसरात जमावबंदीचा हुकूम काढावा लागला. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणले गेले. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या आणि त्यांत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. देशभरच्या वृत्तपत्रांनी त्या गाडीची छायाचित्रे छापली. रेल्वेच्या आणि स्थानिक कर्मचाऱ्यांनी त्या वेळी केलेले काम कौतुकास्पदच होते. परंतु लाखो वस्तीच्या शहराला साडेतीनशे किलोमीटरवरून वाघिणींनी पाणी आणावे लागते, ही अभिमानाची गोष्ट होती की शरमेची, याचा विचार छायाचित्रांच्या कौतुकात राहून गेला.

त्यानंतर काय घडले ते अधिक बोलके आहे. त्याच वर्षीच्या पावसाळ्याअखेर मराठवाड्यात असा पाऊस कोसळला की वर्षानुवर्षे रिते राहिलेले मांजरा धरण भरले. एप्रिलमध्ये जमावबंदी आणि ऑक्टोबरमध्ये भरलेले धरण! हवामानबदल म्हणजे कोठेतरी ध्रुवावर वितळणारे बर्फ, अशी समजूत बाळगणाऱ्यांनी हे सहा महिने डोळ्यांसमोर आणावेत.

हवा तापली की तिची बाष्प धरून ठेवण्याची शक्ती वाढते. एका अंशाला सुमारे सात टक्के, असे भौतिकशास्त्र सांगते. त्यामुळे पाऊस येतो तो एकदम आणि धो धो, आणि दोन सरींमधला खंड लांबतो. १९५० ते २०१५ या काळातील नोंदींचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला; त्यात मध्य भारतात विस्तृत प्रदेशावर पडणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्याचे दिसून आले. वर्षाच्या सरासरीत हा फरक लपून जातो. चार महिन्यांचा पाऊस चार दिवसांत पडला तरी सरासरी भरतेच. विहीर मात्र भरत नाही.

महाराष्ट्राच्या बाबतीत त्यात भूगर्भाची भर पडते. राज्याचा सुमारे चार-पंचमांश भाग काळ्या कातळाचा, बेसॉल्टचा आहे. गंगेच्या गाळाच्या मैदानाप्रमाणे हा खडक पाणी पोटात साठवून ठेवत नाही. वरचा मुरमाचा थर आणि खडकातील भेगा एवढेच त्याचे साठवण. तेथे पाणी मुरायला संथ पाऊस आणि वेळ लागतो. कोसळणारा पाऊस माती घेऊन ओढ्याला मिळतो. मग खोलवर विंधनविहीर घेण्याची चढाओढ लागते. ज्याच्याकडे पैसा, त्याचे यंत्र खोल जाते. आणि ज्या सार्वजनिक विहिरीवर सारे गाव पाणी भरत असे ती डिसेंबरातच तळ दाखवते. १९७२ च्या दुष्काळात अन्नाची ददात होती, पण बऱ्याच गावांच्या विहिरींना थोडेफार पाणी होते, असे त्या पिढीतील माणसे सांगतात. आज रेशनच्या दुकानात धान्य आहे. विहिरीत पाणी नाही.

पूरही तहान आणतो

दुष्काळाइतकाच दुसरा धोका पुराचा. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. पाणी ओसरल्यावर शहरात लेप्टोस्पायरोसिसची साथ आली. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर आणि सांगली पाण्याखाली गेली, त्याच दिवसांत मराठवाड्यातील गावांना टँकर चालू होते. जुलै २०२१ मध्ये चिपळूण आणि महाड बुडाले. पुरात प्रथम बंद पडतात ती नदीकाठची पाणी उपसा केंद्रे, कारण ती नदीकाठीच असतात. आणि प्रथम उफाळतात ते संडासांचे शोषखड्डे व गटारे, कारण ती सखल भागात असतात. चहूकडे पाणी आणि पिण्याला थेंब नाही, ही अवस्था पूरग्रस्तांनी अनुभवली आहे. आपले आपत्ती व्यवस्थापन होड्या, दोर आणि धान्याची पाकिटे यांचा विचार करते. उपसा केंद्राचा विजेचा फलक पूररेषेच्या वर बसवावा, शोषखड्डा विहिरीपासून दूर आणि उंचावर घ्यावा, ही साधी कामे त्यात मागे पडतात.

हक्क कोणाचा?

पाण्याच्या हक्काचा विषय निघाला की महाडचे नाव घ्यावेच लागते. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करावेत असा ठराव मुंबई कायदेमंडळाने १९२३ मध्ये केला. महाडच्या नगरपालिकेनेही त्याला अनुसरून चवदार तळे खुले केले. तरीही प्रत्यक्षात ओंजळभर पाणी घेण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला, आणि उच्च न्यायालयाचा निर्णय मिळायला १९३७ साल उजाडले. ठराव आणि ओंजळ यांत किती अंतर असू शकते, हे या चौदा वर्षांनी दाखवून दिले आहे.

ते अंतर आजही मिटलेले नाही. २८ जुलै २०१० रोजी संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने पाणी आणि स्वच्छता हा मानवी हक्क असल्याचे मान्य केले. भारताने बाजूने मत दिले. शुद्ध पाणी हा जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्येच म्हटले होते. डिसेंबर २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने, झोपडी अनधिकृत असली तरी तेथील माणसाला पाणी नाकारता येणार नाही, असा निर्वाळा दिला. त्यानंतर महापालिकेचे सर्वांसाठी पाणी हे धोरण यायला २०२२ साल लागले. राज्याच्या जलनीतीत पिण्याच्या पाण्याला पहिला अग्रक्रम आहे. भूजलाचा कायदा २००९ मध्ये विधिमंडळाने संमत केला. त्याचा अंमल २०१४ मध्ये सुरू झाला. त्यात ६० मीटरपेक्षा खोल विहिरींवर निर्बंध आहेत. कागदावर काहीही कमी नाही.

मग कमी काय आहे? पहिला अग्रक्रम म्हणजे काय, याची व्याख्या कमी आहे. धरणात पाणी मुबलक असते तेव्हा अग्रक्रमाची आठवण कोणाला होत नाही. बागायतीची आवर्तने सुटतात, कारखान्यांचा कोटा जातो. धरण तळाला गेले की उरलेले गढूळ पाणी पिण्यासाठी राखून ठेवल्याचे जाहीर होते. जेवणाच्या पंगतीत पहिला मान ज्याचा, त्याला सर्वांच्या शेवटी वाढावे, तसा हा प्रकार आहे. ऑक्टोबरच्या मध्यावर धरणांतील साठ्याचा आढावा घेऊन पिण्याचे पाणी राखून ठेवण्याची पद्धत आहे. ती चांगली आहे. पण ते आरक्षण पुढचा पाऊस जूनमध्येच येईल असे गृहीत धरून केले, तर लांबलेल्या पावसाच्या वर्षी ते अपुरे पडणार. यापुढे ऑगस्टपर्यंतची तरतूद धरूनच हिशेब मांडला पाहिजे, आणि त्या हिशेबात स्वच्छतेचे पाणी धरले पाहिजे.

काय करता येईल?

ऑगस्ट २०१९ मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मिशनचे उद्दिष्ट प्रत्येक ग्रामीण घराला नळाने माणशी ५५ लिटर पाणी देण्याचे आहे. प्रथम २०२४ ही मुदत होती. ती पुढे २०२८ पर्यंत वाढवली गेली. ५५ लिटरांत संडासाचे पाणी बसते, म्हणून या उद्दिष्टाचे स्वागतच केले पाहिजे. परंतु नळ हा पाण्याचा मार्ग आहे, उगम नव्हे. उगमाच्या विहिरीशेजारी कोणी विंधनविहीर खोदली तर तो नळ फेब्रुवारीतच कोरडा होणार. म्हणून योजनेइतकाच तिच्या उद्भवाला कायद्याचा पहारा हवा, आणि तो पहारा तालुक्याच्या कचेरीतून नव्हे तर ग्रामसभेतून बसला पाहिजे. नगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने हे करून दाखवले आहे. शेतीसाठी विंधनविहीर नाही, उसाला पाणी नाही, आणि दर वर्षी पावसाच्या मोजमापावरून पाण्याचे अंदाजपत्रक. ते गाव कमी पावसाच्या पट्ट्यातच आहे. तेथील आकाश वेगळे नाही, व्यवहार वेगळा आहे.

दुसरे, शहरांनी आपले सांडपाणी शुद्ध करून वापरले पाहिजे. नागपूरचे शुद्ध केलेले सांडपाणी कोराडीच्या औष्णिक वीजकेंद्राला दिले जाते. तितके धरणाचे पाणी माणसांसाठी मोकळे होते. नागपूरला जे जमते ते इतर महानगरांना का जमू नये?

तिसरे, टंचाईच्या काळात शाळा आणि प्राथमिक आरोग्य केंद्रे यांचा वाटा गावाच्या वाट्यातून न काढता वेगळा धरावा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक शाळेत पिण्याचे पाणी आणि मुलामुलींची स्वतंत्र स्वच्छतागृहे बंधनकारक केली. शिक्षकांना परिणाम ठाऊकच आहे. स्वच्छतागृह बंद झाले की सातवी-आठवीच्या मुली दिवसभर पाणी पीत नाहीत; मग महिन्यातून चार दिवस गैरहजर राहतात; मग पटावर नाव राहते आणि मुलगी राहत नाही. हजेरीपत्रकातील त्या गैरहजेरीचे कारण कोणी लिहीत नाही.

यावर एक आक्षेप ठरलेला आहे. पाणी हक्काचे ठरवले की लोक ते उधळतील, आणि खर्च कोण सोसणार? उधळपट्टीचा धोका खरा आहे, पण ती हंड्यावर जगणारे करीत नाहीत. ज्यांच्या घरी चोवीस तास नळ आहे त्यांनी दर वाढवायला विरोध करायचा आणि ज्यांना टँकरवाल्याकडून पिंपाने विकत घ्यावे लागते त्यांना काटकसरीचे धडे द्यायचे, हा न्याय नव्हे. गरीब माणूस पाण्याला पैसे देत नाही ही समजूतच खोटी आहे. तो लिटरमागे आपल्यापेक्षा कितीतरी जास्त देतो. जीवनावश्यक वाटा स्वस्त आणि निश्चित, त्यापुढील वापर महाग, असे दर ठरवणे अवघड नाही. त्यासाठी लागणारी मीटरपट्टी सुखवस्तू वस्तीपासून सुरू करण्याची हिंमत तेवढी हवी.

हवामान बदलणे थांबवणे हे एका राज्याच्या हातात नाही. परंतु येणाऱ्या दुष्काळाचा भार प्रथम कोणाच्या डोक्यावर पडावा, हे ठरवणे पूर्णपणे आपल्या हातात आहे. आजवर तो हंडा घेऊन चालणाऱ्या बाईच्या आणि शाळेतल्या मुलीच्या डोक्यावर पडत आला. यंदाच्या टंचाई आराखड्यात एक नवा रकाना घालावा: पाण्याविना बंद असलेली स्वच्छतागृहे. त्या रकान्यातील आकडा भरण्यासाठी फार मोठा निधी लागणार नाही. तो शून्यावर आणण्यासाठी मात्र पहिल्या अग्रक्रमाचा अर्थ आपल्याला खरोखर मान्य करावा लागेल.