भावाआधी माप

व्यापारी घराण्यातील जुनी खातेवही उघडून पाहावी. तुरीचा भाव मणाला लिहिलेला असतो, कापडाचा वाराला, तेलाचा शेराला. दशमान वजने-मापे आपल्याकडे १९५८ पासून १९६२ पर्यंत टप्प्याटप्प्याने आली आणि बाजाराची भाषाच बदलली. आजोबांच्या वहीतील मणाचा भाव आजच्या क्विंटलच्या भावाशेजारी मांडून कोणताही जाणता व्यापारी नफा-तोटा काढणार नाही. मण म्हणजे सुमारे सदतीस किलो, हा हिशेब तो आधी करील आणि मगच तुलनेला हात घालील. समभागांच्या जुन्या भावांकडे पाहताना मात्र हाच व्यापारी ही सावधगिरी विसरतो. कागदावरचा जुना आकडा आणि मोबाइलवरचा नवा आकडा तो सरळ शेजारी ठेवतो. मधल्या काळात माप बदलले असेल, ही शंका त्याला येत नाही.

कळमेश्वरकरांसाठी याचे उदाहरण गावातच आहे. नागपूर-काटोल मार्गावरील आपल्या औद्योगिक वसाहतीत जस्तलेपित आणि रंगीत पत्र्यांचा मोठा कारखाना उभा आहे. ज्या कंपनीने तो चालवला, ती प्रथम निप्पॉन डेन्रो इस्पात या नावाने ओळखली जाई, पुढे ती इस्पात इंडस्ट्रीज झाली. डिसेंबर २०१० मध्ये जेएसडब्ल्यू स्टीलने तिचा ताबा घेण्याचा करार केला आणि कंपनीचे नाव जेएसडब्ल्यू इस्पात झाले. २०१३ मध्ये ती जेएसडब्ल्यू स्टीलमध्ये विलीन झाली. कळमेश्वरचा कारखाना त्या समूहाच्या जेएसडब्ल्यू स्टील कोटेड प्रॉडक्ट्स या उपकंपनीकडे गेला. कारखाना जागेवरच राहिला. 'इस्पात' हे नाव मात्र शेअर बाजाराच्या यादीतून पुसले गेले.

आता समजा, एखाद्या घरच्या तिजोरीत इस्पातचे ७२० समभाग आहेत आणि वाटणीची वेळ आली आहे. थोरला म्हणतो, "कंपनीच उरली नाही, हे कागद रद्दीत घाला." धाकटा म्हणतो, "इस्पात म्हणजे आता जेएसडब्ल्यू. आजच्या भावाला ७२० ने गुणा आणि माझा हिस्सा द्या." दोघेही प्रामाणिक आहेत आणि दोघांचाही हिशेब चुकला आहे. अशा चुकीतून भावाभावांत जी अढी बसते, ती पुढे पैशाने भरून निघत नाही.

खरा हिशेब दोन पायऱ्यांचा आहे. विलीनीकरणात जेएसडब्ल्यू इस्पातच्या ७२ समभागांमागे जेएसडब्ल्यू स्टीलचा एक समभाग मिळाला. म्हणजे ७२० चे झाले १०. त्यानंतर जानेवारी २०१७ मध्ये जेएसडब्ल्यू स्टीलने १० रुपये दर्शनी मूल्याचा समभाग विभागून १ रुपयाचे दहा समभाग केले. म्हणजे १० चे झाले १००. थोरल्याने शून्य धरले, धाकट्याने ७२० धरले आणि सत्य १०० वर आहे. धाकट्याचा अंदाज खऱ्यापेक्षा सातपटीहून अधिक फुगलेला होता. ज्याला विलीनीकरण ठाऊक आहे पण विभाजन ठाऊक नाही, तो दहाच समभाग मोजील आणि दहापट तोट्यात राहील.

खरेदीच्या भावालाही हेच दोन गुणक लावावे लागतात. जेएसडब्ल्यू स्टीलने २०१० च्या त्या व्यवहारात स्वतः इस्पातचे समभाग १९ रुपये ८५ पैसे दराने घेतले होते. तोच दर उदाहरणादाखल धरू. ७२० समभागांचे १४,२९२ रुपये झाले. आज त्यांच्या जागी १०० समभाग आहेत, म्हणून आजच्या मापात खरेदीचा भाव १४२ रुपये ९२ पैसे ठरतो. 'वीस रुपयांना घेतला होता' असे म्हणत आजच्या भावाशी तुलना करणारा स्वतःचीच फसवणूक करून घेतो. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. जेएसडब्ल्यू स्टीलच्या भावाचा जुना आलेख कितीही मागे नेला, तरी त्यात इस्पातचा भाव सापडत नाही. तो आलेख घेणाऱ्या कंपनीचा आहे, विलीन झालेल्या कंपनीचा नव्हे.

येथे एक भेद समजून घेणे अगत्याचे आहे. जुने भाव दोन प्रकारचे असतात. एक, त्या दिवशी बाजारात प्रत्यक्ष झालेला भाव. शेअर बाजार दररोज जी भावकॉपी प्रसिद्ध करतात, तीत तो असतो आणि पुढे तो बदलत नाही. दुसरा, समायोजित भाव. मोबाइलवरील बहुतेक आलेख नंतरचे विभाजन आणि बोनस लक्षात घेऊन जुना भाव आजच्या मापात बसवून दाखवतात. कंपनीची वाटचाल पाहायची असेल तेव्हा समायोजित भाव उपयोगी पडतो. जुनी खरेदी पडताळायची असेल किंवा कराचा हिशेब करायचा असेल, तेव्हा त्या दिवसाचा प्रत्यक्ष भावच लागतो. एकाच्या जागी दुसरा वापरला की गोंधळ अटळ आहे.

कराच्या बाबतीत ३१ जानेवारी २०१८ ही तारीख प्रत्येक कुटुंबाने वहीत नोंदवून ठेवावी. सूचिबद्ध समभागांवरील दीर्घ मुदतीच्या नफ्यावर नव्याने कर आला, तेव्हा त्या दिवसापर्यंतची वाढ करमुक्त ठेवण्यात आली. त्या तारखेपूर्वी घेतलेल्या समभागांसाठी त्या दिवशीचा सर्वोच्च भाव आणि विक्रीचा भाव यांपैकी जो कमी असेल तो घ्यावयाचा. तो मूळ खरेदीपेक्षा जास्त असेल, तर तोच खरेदीमूल्य मानला जातो. जेएसडब्ल्यूचे विभाजन त्यापूर्वीच झालेले असल्यामुळे त्याचा त्या दिवशीचा भाव आजच्याच मापातला आहे. इन्फोसिसची गोष्ट वेगळी आहे. १९८१ साली पुण्यात जन्मलेल्या या कंपनीने सप्टेंबर २०१८ मध्ये एकास एक बोनस दिला. त्यामुळे समायोजित आलेखात जानेवारी २०१८ चा भाव निम्मा दिसतो. तो निम्मा भाव जुन्या आणि नव्या दोन्ही समभागांना लावणे कायद्याला धरून नाही. मूळ समभागाला त्या दिवसाचा पूर्ण, प्रत्यक्ष भाव लागू होतो आणि नंतर मिळालेल्या बोनस समभागाचे खरेदीमूल्य शून्य धरले जाते. आधी कोणते समभाग विकले, यावर त्या वर्षीचा कर ठरतो. वारशाने आलेल्या समभागांना वडिलांचीच खरेदीची तारीख आणि वडिलांचाच भाव लागू होतो, हेही विसरू नये. म्हणून वडिलांच्या वेळची कागदपत्रे जपून ठेवणे हा आर्थिक शहाणपणाचा भाग आहे.

जुन्या भावाचा आणखी एक मोह असतो. 'पूर्वी इतका होता, आता इतक्यातच मिळतो आहे, म्हणजे स्वस्त आहे,' असे आपण सहज बोलून जातो. पुण्याच्या सुझलॉन एनर्जीने २००५ मध्ये ५१० रुपयांनी समभाग विकले. जानेवारी २००८ मध्ये १० रुपयांच्या समभागाचे २ रुपयांचे पाच झाले, म्हणून आजच्या मापात तो भाव १०२ रुपये होतो. २०२० मध्ये हाच समभाग दोन रुपयांच्याही खाली गेला होता. तो पुन्हा जुन्या उंचीवर जाईल, या आशेवर अनेकजण बसले. परंतु मधल्या काळात कंपनीच्या समभागांची संख्याच बदलली. २००८ मध्ये ती सुमारे १५० कोटी होती, आज १,३०० कोटींहून अधिक आहे. भाकरी तीच आणि खाणारे जवळजवळ नऊपट, अशी स्थिती असताना प्रत्येकाच्या वाट्याला पूर्वीइतकाच तुकडा यावा अशी अपेक्षा कशी धरावी? जुना भाव पुन्हा यायचा, तर संपूर्ण कंपनीचे मूल्य नऊपटीच्या घरात जावे लागेल. केवळ भाव पाहणाऱ्याला हे दिसत नाही. भाव गुणिले समभागांची संख्या, हा हिशेब करणाऱ्यालाच ते दिसते.

भावाच्या आलेखात काय नसते, तेही पाहावे. वर्षानुवर्षे मिळालेला लाभांश त्यात सहसा नसतो, त्यामुळे नियमित लाभांश देणाऱ्या कंपनीची कमाई आलेखात उणी दिसते. उलट, रक्कम दुप्पट झाली एवढे ऐकून हुरळून जाण्याचेही कारण नाही. दहा वर्षांत दुप्पट म्हणजे वर्षाला शेकडा सव्वासात रुपयांहूनही किंचित कमी चक्रवाढ. तेवढे तर कधीकाळी टपाल खात्यानेही दिले आहे. किती वाढ झाली, हा प्रश्न नेहमी 'किती वर्षांत' या प्रश्नाबरोबरच विचारावा.

तेव्हा वाचकांनी एक छोटे काम करावे. घरातील प्रत्येक कंपनीसाठी वहीचे एक पान राखावे. त्यावर खरेदीची तारीख, संख्या आणि प्रत्यक्ष भाव लिहावा. त्याखाली बोनस, विभाजन, हक्कभाग, विलीनीकरण, नावातील बदल अशी प्रत्येक घटना तारखेसह नोंदवावी आणि दर घटनेनंतर हाती किती समभाग उरले, तो आकडा मांडावा. ही माहिती कंपनीच्या वार्षिक अहवालांत आणि शेअर बाजारांच्या संकेतस्थळांवर विनामूल्य मिळते. कागदी प्रमाणपत्रे असतील तर विलंब करू नये. १ एप्रिल २०१९ पासून सूचिबद्ध कंपनीचे कागदी समभाग दुसऱ्याच्या नावे हस्तांतरित करता येत नाहीत. सलग सात वर्षे लाभांश घेतला गेला नाही, तर समभागच गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे वर्ग होतात. ते अर्ज करून परत मिळवता येतात, मात्र त्यासाठी वारसांना मूळ नोंदी दाखवाव्या लागतात.

हे पान घरातील एकट्या कर्त्या पुरुषाला ठाऊक असून भागत नाही. पत्नीला, मुला-मुलींना, सुनांना ते कोठे आहे आणि कसे वाचायचे, हे माहीत असावे. समभागाची किंमत बाजार ठरवतो, ती आपल्या हाती नाही. आपल्याकडे नेमके किती आहे, हे मात्र नीट लिहून ठेवले तर उद्याच्या वाटणीत कोणाला कोणावर संशय घ्यावा लागणार नाही.