जुन्या जीपचे दुखणे आणि मिस्त्रीची मजुरी

यवतमाळ, आर्णी, दिग्रस, पुसद, वणी, पांढरकवडा. जिल्ह्यातल्या कोणत्याही गावाच्या नाक्यावर एखादे तरी गॅरेज असे असते की जिथे जुनी महिंद्रची जीप किंवा मारुतीची जिप्सी जॅकवर चढवलेली दिसते. नवी गाडी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरकडे जाते. जुनी गाडी मात्र अजून आपल्या मिस्त्री लोकांकडेच येते आणि हेच गिऱ्हाईक त्यांच्या हक्काचे आहे. ते टिकवायचे की घालवायचे, हा प्रश्न आम्हाला आज मांडायचा आहे.

गिऱ्हाइकाची तक्रार बहुधा ठरलेली असते. "हँडल थरथरते", "गाडी रस्ता सोडते", "एका बाजूला ओढते". त्यावर उपायही ठरलेला. टाय रॉडचे एन्ड बदला. फरक पडला नाही तर शॉकअप बदला, तरी नाही तर स्टिअरिंग बॉक्स खोला. तीन खेपांत गिऱ्हाइकाचे पैसे जातात आणि दुखणे तसेच राहते. चौथ्या खेपेला तो दुसऱ्या गावी जातो आणि पहिल्या मिस्त्रीचे नाव चारचौघांत खराब करतो. मिस्त्रीला कामच येत नसते असे नाही. आमच्या मते खरे कारण हिशेबात आहे. तपासणीचे पैसे कोणी देत नाही, आणि सुट्या भागांवर मात्र दुकानदाराकडून कमिशन मिळते. ज्याची कमाई पार्ट बदलण्यावर आहे तो पार्टच बदलणार.

या गाड्यांची बांधणी साधी आहे. महिंद्रची सुरुवात १९४५ साली 'महिंद्र अँड मोहम्मद' या नावाने झाली. त्यातले भागीदार मलिक गुलाम मुहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ मध्ये कंपनीचे नाव बदलले. (धंद्याच्या पानावर एवढा इतिहास वाचकांनी चालवून घ्यावा.) त्या कंपनीने अमेरिकेच्या विलिस जीपची जोडणी मुंबईत सुरू केली. पुढे सीजे, एमएम ५४०, कमांडर, मेजर अशी नावे आली तरी पुढे सरळ अखंड एक्सल, मागेही तसाच, आणि चारही चाकांवर पाटे, ही रचना टिकून राहिली. १९८५ मध्ये आलेल्या जिप्सीचीही रचना हीच. टिपेश्वर अभयारण्यात पर्यटकांना फिरवणाऱ्या जिप्सी वाचकांनी पाहिल्या असतील. २०१० मध्ये थार आली तेव्हा पुढचे पाटे जाऊन टॉर्शन बार आले. म्हणजे जुन्या गाडीत लपलेले असे काही नाही. सगळे डोळ्यांना दिसते, हाताला लागते. कॉम्प्युटर लागत नाही, एक जॅक, एक टॉमी, एक टेप आणि अर्धा तास लागतो.

सुरुवात टायरपासून करावी, कारण तिथे पैसा लागत नाही. आपल्या जिल्ह्यातली काळी माती पावसाळ्यात रिमच्या आतल्या बाजूला थापली जाते आणि वाळून दगड होते. तेवढ्या वजनाने चाकाचा तोल बिघडतो आणि हँडल थरथरते. शेतातून आलेल्या गाडीचे रिम आतून खरवडून धुतल्याशिवाय पाना हातात घेऊच नये. मग चारही टायरांची हवा पाहावी. गाडी एका बाजूला ओढत असेल तर पुढचे दोन टायर डावे-उजवे बदलून पाहावे. ओढ दुसऱ्या बाजूला गेली तर दोष टायरचा. ब्रेक मारल्यावरच ओढत असेल तर पाट्यांकडे बघण्याची गरज नाही. एखाद्या लायनरवर तेल आले आहे का किंवा ब्रेक अडकतो आहे का, ते पाहावे.

यानंतर पुढचे चाक जॅकवर उचलून वर-खाली धरून हलवावे. प्ले दिसला तर एका माणसाने ब्रेक दाबून धरावा आणि पुन्हा हलवावे. प्ले नाहीसा झाला तर चाकाचे बेअरिंग ढिले आहे, राहिला तर किंगपिन. ही एवढी छोटी चाचणी, पण ती न केल्यामुळे किती चांगली बेअरिंगे भंगारात गेली असतील! जिप्सीत तर वेगात खड्डा लागल्यावर पुढची चाके वेड्यासारखी हलू लागतात, त्यामागे बहुतेक वेळा किंगपिनची बेअरिंगे ढिली झालेली असतात. अशा वेळी काही ठिकाणी स्टिअरिंग डॅम्पर बसवून थरथर दाबली जाते. ताप उतरवण्याची गोळी दिली म्हणजे रोग गेला असे होत नाही. डॅम्पर दमला की थरथर परत येते आणि तोवर किंगपिन आणखी खाल्लेली असते.

मग गाडी जमिनीवर उतरवून, इंजिन बंद ठेवून, एकाने हँडल थोडे डावीकडे-उजवीकडे हलवत राहावे आणि दुसऱ्याने खाली झोपून प्रत्येक सांध्यावर हात ठेवावा. ड्रॉप आर्म, ड्रॅग लिंक, टाय रॉडचे एन्ड, क्रमाने. ज्या सांध्यात एक बाजू हलते आणि दुसरी उशिरा हलते, तो दोषी. एक्सलच पाट्यासकट आडवा सरकत असेल तर शॅकलचे बुश गेले. मोटार वाहन नियमांत हँडलवरचा मोकळा फिराव ३० अंशांपेक्षा जास्त चालत नाही, हे मिस्त्रीने गिऱ्हाइकाला सांगावे. तो कमी करण्यासाठी स्टिअरिंग बॉक्सचा स्क्रू आवळत बसणे हा मात्र मोठा घातक प्रकार आहे. हँडल जड होते, वळणानंतर आपोआप परत येत नाही आणि बॉक्स आतून खाल्ला जातो.

आता ज्या दुखण्याने आपल्याकडचे मिस्त्री सर्वांत जास्त फसतात ते सांगतो. काळी-पिवळी म्हणून चाललेली किंवा कापसाची बोंदरी वाहिलेली जीप असते. ओझ्याने मागचे पाटे बसतात म्हणून मालक एक-दोन पाटे जास्तीचे टाकून घेतो. मागची बाजू उंच होते. गाडीचे नाक खाली झुकते आणि त्याबरोबर पुढचा एक्सलही पुढे झुकतो. किंगपिनचा मागे असलेला कल, ज्याला कॅस्टर म्हणतात, तो कमी होतो. जुन्या विलिसच्या मापात हा कल फक्त ३ अंश आहे. एमएम ५४० ची पुढच्या-मागच्या चाकांमधली लांबी सुमारे ९१ इंच. हिशेब केला तर मागची बाजू ३ इंच उचलली की जवळजवळ २ अंश कल जातो. उरतो एक. सायकलचा पुढचा चिमटा सरळ केला तर ती जशी हात सोडू देत नाही, तशी ही जीप मग सरळ चालतच नाही. ओळखण्याची खूण मालकच देतो, फक्त ऐकायला हवे. "माणसे भरली की गाडी चांगली चालते, रिकामी असली की रस्ता सोडते." भरल्यावर मागची बाजू बसते आणि कल परत येतो, म्हणून. अशा गाडीचे टाय रॉड, बॉक्स, टायर सगळे बदलले तरी फरक पडणार नाही. अलाइनमेंट करून आणली तरीही नाही, कारण अखंड एक्सलच्या गाडीत नेहमीच्या अलाइनमेंटमध्ये चाकांचा टो-इन तेवढा जुळवला जातो, कॅस्टर नाही. उपाय दोनच, जास्तीचे पाटे काढा किंवा पुढच्या पाट्याखाली योग्य दिशेने पाचर द्या.

तसेच सेंटर बोल्टचे. तो तुटला की एक्सल पाट्यावरून सरकतो आणि गाडी खेकड्यासारखी तिरकी चालते. दोन्ही बाजूंना पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत टेप लावला की फरक कळतो. शॉकअपसाठी कोपरा दाबून पाहण्याची जी रीत आहे ती पाट्यांच्या गाडीत फारशी खरी नाही. पाटे एकमेकांवर घासूनच गाडी थांबते. शॉकअप काढून हाताने ओढून पाहावा.

हे सगळे करायला दोन माणसे आणि अर्धा-पाऊण तास जातो. त्याचे पैसे कोण देणार? आमचे म्हणणे असे की गिऱ्हाइकाने द्यावे आणि मिस्त्रीने उघडपणे मागावे. डॉक्टर नाडी पाहतो त्याची फी आपण निमूटपणे देतो, औषध घेतले नाही तरी. मिस्त्रीने मात्र "नुसते पाहिले" म्हणून चहावर भागवावे, ही अपेक्षा बरोबर नाही. समजा तपासणीचे तीनशे रुपये ठरले. चुकीचा एक पार्ट बदलण्यापेक्षा ते स्वस्तच पडतात.

पण मग मिस्त्री लोकांनीही आपली बाजू सांभाळली पाहिजे. तपासणीचे पैसे घेतल्यावर पार्टवर लपवून कमिशन घेऊ नये. गाडी ही आपल्याकडे ठेवलेली अमानत आहे, तिच्या मालकाला न सांगता तिच्यावर कमावणे शोभत नाही. दुकानदार सूट देत असेल तर ती बिलात दिसावी. बदललेला जुना भाग गिऱ्हाइकाच्या हातात द्यावा. काय तपासले, कुठे प्ले सापडला, काय बदलले, हे एका चिठ्ठीवर लिहून द्यावे. पुढच्या वेळी दुसरा मिस्त्री असला तरी त्याला शून्यापासून सुरुवात करावी लागत नाही.

मालकांनाही एक सांगायचे आहे. १ एप्रिल २०२२ पासून १५ वर्षांवरील मोटारगाडीच्या नोंदणी नूतनीकरणाचे शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपयांवर गेले. एवढे भरून जी गाडी ठेवायची, तिच्या किंगपिनला आणि शॅकलला वेळेवर ग्रीस देण्यात कंजुषी करू नये. नाल्याच्या पाण्यातून गेलेल्या गाडीच्या सांध्यांत माती शिरते आणि ग्रीसमध्ये मिसळून सहाणेसारखी घासत राहते. पाऊस संपला आणि कापसाची वेचणी सुरू व्हायची आहे, एवढ्या अवधीत गाडी एकदा मिस्त्रीकडे न्यावी, जुने ग्रीस बाहेर पडेपर्यंत नवे भरून घ्यावे आणि वर सांगितलेली तपासणी समोर उभे राहून करून घ्यावी.