सात दिवसांचे शिष्यत्व

संगीत ही आयुष्यभराची तपश्चर्या आहे, असे ज्या देशात पिढ्यान्‌पिढ्या सांगितले गेले, तेथे आठवडाभराच्या संगीत शिबिराचे नाव काढताच जाणकारांच्या ओठांवर स्मित उमटावे, यात नवल नाही. सात दिवसांत षड्जही नीट लागत नाही. मग वादक कसा घडणार? प्रश्न रास्त आहे. तथापि, वादक घडविणे हे अशा शिबिराचे कार्यच नसेल, तर त्याचे मोल वेगळ्या मापाने मोजावे लागेल.

अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांताक्रूझ येथील आवारात २००४ साली डेव्हिड ग्रिसमन आणि माइक मार्शल या दोन नामवंत वादकांनी केवळ मँडोलिनवादकांसाठी असे एक शिबिर सुरू केले. दिवसा वर्ग आणि सायंकाळी मैफल, असा तेथील क्रम. एरवी दुरून, रंगमंचावरच दिसणारा कलावंत तेथे हौशी माणसाच्या शेजारी बसून त्याचा हात तपासू लागला.

हात तपासणे या वाद्याच्या बाबतीत विशेष अगत्याचे आहे. मँडोलिनच्या आठ तारा जोडीजोडीने असतात आणि व्हायोलिनच्याच सुरांत लावल्या जातात. व्हायोलिनचा गज सूर हवा तितका लांबवितो. मँडोलिनचा सूर मात्र छेडताक्षणीच विरू लागतो. तो टिकवायचा, तर तारांवर खाली-वर असे जलद आणि सारख्या वजनाचे आघात करावे लागतात. हे सारे मनगटाच्या सैलपणावर अवलंबून. घरी एकट्याने वाजविणाऱ्याचे मनगट ताठ झालेले असते आणि त्याच्या सरावलेल्या कानाला तो दोष ऐकूही येत नाही. जाणत्याला तो तत्काळ दिसतो. दोष दाखविण्यास क्षण पुरतो, घालविण्यास वर्ष लागते. तो क्षण शिबिराने द्यावा, वर्ष ज्याचे त्याने द्यावे, अशी ही वाटणी आहे.

दुसरा लाभ सहवादनाचा. ब्लूग्रास या अमेरिकी लोकसंगीताच्या परंपरागत वाद्यवृंदात ढोल नसतो. तेथे मँडोलिनवादक तारांचा नाद दाबून तुटक आघात करतो आणि ठेका धरतो. म्हणजे सुरावट वाजविणाऱ्यालाच दुसऱ्याची सुरावट तोलून धरण्याचेही शिक्षण घ्यावे लागते. हे शिक्षण एकांतातल्या रियाजाने मिळत नाही.

अशा शिबिरांवर आक्षेप आहेतच. शुल्क, प्रवास आणि राहण्याचा खर्च सामान्य माणसाला पेलतो असे नाही. मोठ्या कलावंताच्या सहवासालाच विद्या समजण्याचा मोहही होतो. शिबिर संपताच वाद्य पेटीत बंद झाले, तर तो आठवडा केवळ सहलीचा ठरेल. परंतु हे दोष योजनेचे आणि घेणाऱ्याचे आहेत, कल्पनेचे नव्हेत.

महाराष्ट्राला तर ही कल्पना परकी वाटण्याचे कारणच नाही. विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापन केले आणि घराण्यांच्या उंबरठ्याआड राहिलेली विद्या सामान्य गृहस्थापर्यंत नेली. पुढे त्या विद्येला परीक्षांचा आधार मिळाला. आता मात्र शिकणाऱ्यापुढे बहुधा दोनच वाटा उरतात: प्रमाणपत्राची किंवा रंगमंचाची. ज्याला या दोहोंपैकी काहीच नको, केवळ चांगले वाजवायचे आहे, अशा चाळिशीतल्या शिक्षकाने वा कारकुनाने जायचे कोठे?

मँडोलिनपुरते बोलायचे, तर येथे सामर्थ्याची वाण कधीच नव्हती. मुंबईच्या चित्रपटसृष्टीत संगीतकार म्हणून गाजलेले सज्जाद हुसेन यांनी या वाद्यावर राग वाजविले. उ. श्रीनिवास यांनी (१९६९–२०१४) जोडतारांऐवजी एकेरी तारांचे विद्युत मँडोलिन पत्करून त्याला कर्नाटक संगीताच्या मैफलीत मानाचे स्थान मिळवून दिले. परंतु अलौकिक पुरुषांमुळे वाद्याला कीर्ती मिळते, घर मिळत नाही. घर मिळते ते ओसरीवर बसून वाजविणाऱ्या असंख्य साध्या हातांमुळे.

हे हात घडावेत म्हणून फार मोठ्या खर्चाची गरज नाही. मे महिन्यात शाळांचे वर्ग रिकामे असतात, महाविद्यालयांची वसतिगृहे ओस पडतात. तेथे सात दिवस, एकाच वाद्याचे वीस-पंचवीस हौशी वादक आणि दोन-तीन जाणते गुरू एकत्र यावेत. परीक्षा नको, स्पर्धा नको, प्रमाणपत्र तर नकोच. शुल्क कारकुनाच्या खिशाला झेपेल इतकेच असावे आणि गुरूचे मानधन त्याच्या योग्यतेला साजेसे असावे. उरलेला भार विद्यापीठांनी आणि नगरपालिकांनी उचलावा. हौशी माणसाला गांभीर्याने शिकविणे ही चैन नव्हे. ज्या समाजात वाजविणारे थोडे आणि टाळ्या वाजविणारेच फार, त्या समाजाचा कान हळूहळू बधिर होत जातो.